सव्वा ओमची वात

मी सिगारेट सोडायला निघालो ते तब्येतीमुळे नव्हे, पावसामुळे. इंग्लंडात 1 जुलै 2007 पासून कामाच्या बंदिस्त जागेत सिगारेट ओढता येत नाही. आमच्या लेस्टरच्या कारखान्यात ओढणाऱ्यांची सोय म्हणजे सायकलींच्या शेडला जोडलेला तीन फूट पत्रा. त्याखाली सहा जण, आणि पाऊस तिरका. आपल्याकडचा पाऊस एकदा कोसळतो आणि मोकळा होतो. इथला दिवसभर कुरकुरत राहतो, न विचारता सल्ला देणाऱ्या नातेवाइकासारखा. झुरके दोन आणि शिंका चार असं प्रमाण पडायला लागलं, त्यात पाकीट आठ पौंडांच्या घरात गेलं, तेव्हा 2014 च्या ऑक्टोबरात मी यंत्राकडे वळलो.

यंत्र म्हणजे वाफेचं, ज्याला ई-सिगारेट म्हणतात. एका चिनी औषधतज्ज्ञानं, होन लिकनं, 2003 मध्ये हे खूळ काढलं. त्याला स्वतःची सिगारेट सोडायची होती. माझा एक कोल्हापूरचा मित्र इथे बँकेत आहे, तोही गेली नऊ वर्षं सिगारेट सोडतोय. तो म्हणाला, ‘तू क्वालिटीतला माणूस. तू आधी घे, नीट तपास, रिपोर्ट दे. चांगलं असलं तर मी घेतो.’ नव्वद पौंड माझे आणि शहाणपण त्याचं, हा हिशेब तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांनी बनवलेल्या बेअरिंगांची मापं तपासत आलोय. कुणी ‘तपास’ म्हटलं की माझा हात आपोआप खिशातल्या वहीकडे जातो.

दुकानातला दाढीवाला पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा असावा, पण बोलायचा एखाद्या वैद्यासारखा. ‘किती ओढता? कडक लागते की सौम्य? झुरका आधी तोंडात घेता की थेट छातीत?’ इतक्या आपुलकीनं माझ्या सवयीची चौकशी डॉक्टरांनीही कधी केली नव्हती. त्यानं मला एक जोडी दिली. एक नळकांडं, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करता येणारं यंत्र, आणि त्याच्या डोक्यावर बसणारा त्याच रंगाचा, त्याच व्यासाचा ॲटमायझर, म्हणजे वाफ करणारा भाग. हा ॲटमायझर ‘पुन्हा बांधता येणारा’ होता. हे ऐकून मला फार बरं वाटलं. आपल्याकडे पुन्हा दुरुस्त करता येणारी वस्तू म्हणजे चांगली वस्तू. तो ‘पुन्हा’ दर तीन दिवसांनी येतो आणि बांधणारे आपणच असतो, हे मात्र त्या पोरानं सांगितलं नाही.

घरी येऊन पहिली नोंद केली. ‘नळकांडे: पोलाद, जड, हातात घेतल्यावर गुंडाला भीती वाटेल असे.’ आत एक सेल. त्याचं नाव 18650, कारण तो 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. वस्तूचं नाव तिच्या मापावरून ठेवणाऱ्या माणसाला मी भेटलो असतो तर गळ्यात पडलो असतो. बटण एकदा दाबून यंत्र सुरू होत नाही, लागोपाठ पाचदा दाबावं लागतं. आमचा मुलगाही शाळेच्या दिवशी पाचव्या हाकेला उठतो, त्यामुळे याबद्दल तक्रार लिहिली नाही. मग पडदा उजळतो. व्होल्टेज 3 पासून 6 पर्यंत, दशांश-दशांशानं वर किंवा खाली.

त्यावर मोठ्या समारंभानं ॲटमायझर फिरवून बसवला. पडद्यावर अक्षरं आली : ॲटमायझर नाही.

नाही कसा? डोक्यावर बसलाय! पुन्हा काढला, पुन्हा बसवला. नाही. रंग जुळला, व्यास जुळला, आटे जुळले, छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले आणि वधूवर एकमेकांशी बोलेनात. भिंग घेऊन पाहिलं तेव्हा कळलं की नळकांड्यातली मधली पिन अर्धा मिलिमीटर खाली दबलेली आहे, ॲटमायझरच्या पिनेला ती शिवतच नाही. एकाच कंपनीनं जोडी म्हणून विकलेल्या दोन वस्तूंत अर्धा मिलिमीटरचा अबोला. आमच्या कारखान्यात अर्ध्या मिलिमीटरला लोकांच्या नोकऱ्या गेल्यात. बायकोच्या भुवया कोरायच्या चिमट्यानं मी ती पिन हलकेच वर उचलली आणि बोलणी सुरू झाली.

आता कॉइल. ॲटमायझरच्या पोटात दोन खांब असतात, त्यांच्यामध्ये तारेचं वेटोळं बांधायचं, वेटोळ्यातून कापूस ओवायचा, कापसाला गोडसर द्रव पाजायचा, बटण दाबलं की तार तापते आणि द्रवाची वाफ होते. बस, एवढंच आहे. तारेला म्हणतात कांथल. लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. दोनदा बोट चिरल्यावर मी त्याला कंटाळ म्हणू लागलो.

खरं तर हे काम मला नवं नव्हतं. सांगलीला हॉस्टेलवर आमच्या खोलीत पलंगाखाली एक चोरटी शेगडी होती. तिची तार तुटली की आम्ही दोन्ही टोकं ओढून पीळ मारायचो. प्रत्येक जोडणीत तार थोडी आखूड व्हायची, आखूड तार जास्त तापायची, चहा आणखी लवकर उकळायचा आणि आम्हाला वाटायचं शेगडी सुधारतेय. शेवटी एका रात्री ती इतकी सुधारली की सगळा मजला अंधारात गेला. ओमचा नियम मी पुस्तकात नव्हे, रेक्टरच्या ऑफिसात शिकलो.

म्हणून या वेळी आधी हिशेब केला. ओम म्हणजे तार विजेला किती अडवते त्याचं माप. 28 गेज जाडीच्या कांथलचा एक सेंटिमीटर साधारण 0.18 ओम. सात सेंटिमीटर घेतले की सव्वा ओम. दोन मिलिमीटरच्या ड्रिल बिटवर आठ वेढे मारायचे, टोकं खांबांना कसायची. सव्वा ओमला 3.7 व्होल्ट दिले तर 11 वॅट. आपल्याकडच्या झीरोच्या बल्बलाही जवळपास एवढे लागायचे. म्हणजे इतकी वर्षं देवघरात जो मिणमिणता तांबडा दिवा पाहिला, तेवढी वीज मी आता दातांसमोर धरणार होतो. 5 व्होल्ट दिले की मात्र थेट 20 वॅट, कारण व्होल्टेजचा वर्ग होतो. दुकानातल्या पोरानं हे असं सांगितलं होतं : ‘वाढवत जा, आवडेल तिथे थांबा.’

ऐकायला सोपं. प्रत्यक्षात वेढे मारताना तार स्प्रिंगासारखी उसळते. ती पहिल्यांदा उसळली ती सोफ्याखाली गेली, दुसऱ्यांदा माझ्या चहात. तिसरी बांधली तर एक टोक तळाला टेकलं आणि यंत्रानं ‘शॉर्ट’ म्हणून हात वर केले. चौथ्या कॉइलला पडद्यावर 1.2 उमटलं. पुढचा पाच मावायला त्या पडद्यावर जागा नव्हती, तो मी मनात उमटवला. कोरडीच तापवून पाहिली. वेटोळं मधून लाल होत कडांकडे पसरलं पाहिजे, आणि तसंच झालं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पहिलं भुईनळं पेटल्यावर होतो तसला आनंद मला झाला. रात्रीचे पावणेबारा वाजले होते. बायको जिन्यावरून म्हणाली, ‘अरे, यापेक्षा बाहेर जाऊन एक ओढून का येत नाहीस?’

तिच्या बोलण्यात तथ्य होतं, कारण त्या संध्याकाळी मी एकही सिगारेट ओढली नव्हती. वेळच मिळाला नव्हता.

खरं दुखणं निघालं कापसाचं. मी बायकोचे मेकअप पुसायचे बोळे फाडून वात केली. पहिला झुरका ब्लीचसारखा लागला. दुसरा जरा बरा. तिसऱ्याला मी हौसेनं 5 व्होल्ट केले. वात कोरडी पडली, द्रव वर चढेना, तार मात्र वीस वॅटनी तापतच राहिली. तो जो जळका धूर घशात उतरला त्याचं वर्णन वहीत दोनच शब्दांत आहे, ‘होळी. पोळीशिवाय.’ मी चहाचा कप, कॉफी, लोणच्याची फोड आणि टूथपेस्ट अशा क्रमानं उपाय केले. पुढच्या आठवड्यात याच्या बरोबर उलटं. वात सैल, द्रव जास्त, आणि ॲटमायझरच्या बुडाच्या हवेच्या भोकातून सगळं हळूहळू पँटच्या खिशात. मी आवडीनं कस्टर्डचा स्वाद घेतला होता. त्या दिवशी ऑडिटला बाहेरून आलेल्या बाई बैठकीत दोनदा म्हणाल्या, ‘इथे कुणी पुडिंग केलंय का?’ मी मांडीवर फाइल ठेवून दीड तास बसलो.

द्रवाबद्दल थोडं सांगतो. तो म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद, आणि माझ्या बाटलीत दर मिलिलिटरला 18 मिलिग्रॅम निकोटीन. म्हणजे व्यसन कुठे गेलं नव्हतं, त्यानं फक्त कपडे बदलले होते. ग्लिसरीनशी आपली ओळख जुनी. लहानपणी तोंड आलं की आई बोरोग्लिसरीन लावायची. चाळिशी जवळ आल्यावर मी तेच उकळून पीत होतो.

आई याच सुमारास वाईहून आली, दिवाळीला आणि पुढे तीन महिन्यांसाठी. तिच्या बॅगेत भाजणी, मेतकूट, सांडगे आणि एक उशीएवढी कापसाची पिशवी. ‘तुमच्याकडे कापूस मिळतो न मिळतो,’ ती म्हणाली. आईनं लक्षवातींचं व्रत दोनदा केलंय. म्हणजे दोन लाख वाती तिच्या हाताखालून गेल्यात. तिच्या मांडीवर तळहात फिरला की कापसाची वात होते, तिला खाली पाहावंही लागत नाही, शेजारणीशी गप्पा मारता मारता होते.

तिला मी सिगारेट ओढतो हे माहीत नव्हतं. निदान माझी तशी समजूत होती. एका दुपारी ती झोपलीय असं समजून मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळं मांडलं आणि वात ओवत बसलो.

‘काय रे, काय दुरुस्त करतोयस?’

‘अगं… ऑफिसचं इन्स्ट्रुमेंट आहे. कॅलिब्रेशन.’

तिनं चष्मा लावला. खांब पाहिले, वेटोळं पाहिलं, त्यातून अडून बसलेला माझा कापूस पाहिला.

‘वात फार घट्ट झालीय. तेल चढायचं नाही. करपेल.’

इंटरनेटवर चार रात्री घालवून मला जे सापडलं नव्हतं ते तिनं उभ्या उभ्या सांगितलं. मी म्हटलं, सैल केली तर गळतं. ‘सैल नाही म्हणाले मी. मधे बेताची, टोकाला झुपका. बुडाशी कापूस जास्त पाहिजे, म्हणजे तेल धरून ठेवतो.’ मग खुर्ची ओढून बसली, पिशवीतून चिमूटभर कापूस घेतला, पिंजला, सरकी लागतेय का ते बोटांनी पाहिलं आणि एकदाच तळहात फिरवला. वात वेटोळ्यातून अशी सरकली, जणू ते तिच्याच मापानं बांधलं होतं. किंचित अडत, पण तार न वाकवता. बसवणीच्या तक्त्यात मी वर्षानुवर्षं हेच माप शोधत असतो.

‘तूप चालतं का यात?’ तिनं विचारलं.

‘नाही, वेगळं तेल आहे.’

‘हं. वास शिऱ्यासारखा येतोय तुमच्या ऑफिसच्या तेलाला.’

ती वर गेल्यावर मागच्या दारात जाऊन 3.7 व्होल्टला झुरका घेतला. काय सांगू! ना करपट, ना गळती, घशाला नेमका तेवढाच ठोसा. 4.2 ला घेतला, 14 वॅट, तोही उत्तम. पाचाला मी गेलो नाही. कुठे थांबायचं ते कळायला नव्वद पौंड आणि एक आई लागली होती.

त्यानंतर तीन महिने दर तीन दिवसांनी टेबलावर एक वळलेली वात ठेवलेली असायची. कधी त्याबद्दल बोलणं नाही. फेब्रुवारीत परत जाताना तिनं एक प्लॅस्टिकची डबी दिली, ‘तुझ्या ऑफिसच्या मशीनला.’ आत एकशे आठ वाती, एकसारख्या. मी तपासणीच्या सवयीनं दहांची लांबी मोजली. फरक एक मिलिमीटरच्या आत.

(हे सगळं 2014-15 चं. पुढे सप्टेंबर 2019 मध्ये भारतात या यंत्रांची विक्री, आयात, साठवणूक सगळ्यालाच मनाई झाली, त्यामुळे ‘हे इकडे ने, वाईच्या घड्याळवाल्याला दाखवू’ ही आईची सूचना आता कायमचीच बारगळली. ती जोडी आमच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. पिन पुन्हा दबली असणार.)

आई वाईला परतल्यावर मित्राला रिपोर्ट पाठवला. चार पानी. नळकांडं : ठीक, पिन तपासून घेणे. ॲटमायझर : संयम असल्यास ठीक. व्होल्टेज : 4.2 च्या वर गेल्यास स्वतःची जबाबदारी. वात : उत्कृष्ट, परंतु सोबत मिळत नाही. पुरवठादार : वाई, जिल्हा सातारा.

त्यानं शेवटच्या दोन ओळी वाचल्याच नसाव्यात. पुढच्या शनिवारी जोडी घेतली आणि रविवारी रात्री साडेदहाला फोन. खोकला आधी आला, आवाज नंतर. ‘अरे, हे काय करपट! वात कुठली वापरतोस तू?’ डबीतल्या वाती त्याला द्यायची माझी तयारी नव्हती. सत्याहत्तरच उरल्या होत्या. मी म्हटलं, आईलाच विचार. सकाळी वाईला फोन लावून त्याला जोडून घेतला.

आईनं त्याला सगळं नीट समजावलं. कापूस पिंजायचा कसा, पाणी लावायचं नाही, टोकं कापायची नाहीत, विस्कटायची. तो ‘हो काकू, हो काकू’ करत लिहून घेत होता. सगळं झाल्यावर ती जरा थांबली.

‘तू बँकेत आहेस ना रे?’

‘हो काकू.’

‘बँकेत वात कशाला लागते?’

मी माझ्या बाजूनं श्वास रोखून धरला. पलीकडे त्याला ठसका लागला. तो बराच वेळ चालला.

‘कॅलिब्रेशन, काकू,’ तो म्हणाला.