कुत्रा म्हणजे निष्ठा, मान्य. पण रंग कोणी भरले?

करियर अँड आइव्हज या एकोणिसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कच्या चित्रछपाई कंपनीच्या संसारचित्रांत पायाशी बसलेला कुत्रा म्हणजे निष्ठा आणि झाडाला बिलगलेला वेल म्हणजे नवऱ्याच्या आधाराने वाढणारी बायको, हे या चित्रांतल्या प्रतीकांवरच्या लेखात छान उलगडलंय. पण ही सगळी चित्रं 'पुरुषांची निर्मिती' म्हणून लेखाने मोकळं होणं काही पटलं नाही. शिळाछापाच्या, म्हणजे दगडावरून छापलेल्या, त्या काळ्या-पांढऱ्या प्रतींवर न्यूयॉर्कमध्ये बायकाच ओळीने बसून हाताने रंग भरायच्या, प्रत्येकीकडे एकच रंग.

इथे न्यू जर्सीत जुन्या बाजारातून मी असलंच एक छोटं चित्र आणलंय. आईच्या शालीचा लाल रंग रेघ ओलांडून बाळाच्या गालावर गेलाय (घाईत असणार बिचारी). दारात नवऱ्याची वाट पाहणारी हसतमुख गृहिणी रंगवणारी स्वतः मात्र दिवसभर घराबाहेर, मजुरीवर!