बाबांच्या फाइलमधला तो एक कागद

माझे बाबा ३१ वर्षं जड वाहनं चालवतायत. आधी गोव्यात डिचोलीच्या खाणींवर टिप्पर, आणि २०१२ साली खाणी बंद पडल्यावर एका खासगी मालकाची बस. आमचं शिक्षण, घरावरची कौलं, आजीचं आजारपण, सगळं त्या स्टिअरिंगवर निघालं. म्हणून हे लिहिताना हात जड होतोय, पण लिहायलाच हवं.

चतुर्थीच्या आधी घर आवरताना त्यांची प्लास्टिकची फाइल सापडली. लायसन्सच्या झेरॉक्स, बॅजची पावती आणि मागच्या वेळचं मेडिकल सर्टिफिकेट, म्हणजे फॉर्म १ए. वर बाबांचा फोटो, फोटोवर अर्धा शिक्का, आणि खाली प्रत्येक प्रश्नापुढे एकाच पेनाने एका दमात भरलेली उत्तरं. मी विचारलं, डॉक्टरांनी काय काय तपासलं होतं?

"कांय ना गो. एजंटान फॉर्म व्हेलो आनी सही घेवन हाडलो." म्हणजे काहीच नाही, एजंटाने फॉर्म नेला आणि सही घेऊन आणला.

तेव्हा बाबांना साखर होऊन ६ वर्षं झाली होती.

त्या फॉर्मात विचारतात की चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का. मी तुळशीकडून टेपने २५ मीटर मोजले आणि तिथे शेजारच्या काकांची स्कूटर लावायला सांगितली. बाबांनी जीए ०४ पासून शेवटच्या आकड्यापर्यंत घडाघडा वाचलं. मला हायसं वाटलं. पण त्याच दिवशी तिन्हीसांजेला आम्ही फाटकापाशी उभे असताना समोरून एक मोटारसायकल हेडलाइट लावून आली आणि निघून गेली. मी काहीतरी विचारत होते. बाबा गप्प. माझा दंड चाचपून धरला आणि म्हणाले, "रांव मात्शें, कांय दिसना." बराच वेळ तसेच उभे होते. हाच माणूस रात्रीची शेवटची फेरी घेऊन यायचा, मागे ४० माणसं बसवून.

बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात दाखवलं. साखरेमुळे दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालाय, लेझर सुरू केलंय. डॉक्टरांनी समजावलं की हा आजार सुरुवातीला काहीच जाणवू देत नाही, दिवसाची नजर चांगली राहते. म्हणजे नंबर प्लेट वाचता आली म्हणून सगळं ठीक, असं धरून चालत नाही. पडदा तपासावाच लागतो.

आता माझं म्हणणं. तो कागद फाइलला आहे की नाही एवढंच बघून आपण सगळे समाधानी होतो. एजंट, मालक, आम्ही घरचेसुद्धा. कागदामागे तपासणी झाली का, हे कुणी विचारत नाही. त्यात पूर्वी ट्रान्सपोर्ट लायसन्स ३ वर्षांनी रिन्यू व्हायचं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते ५ वर्षांचं झालं. हेलपाटे वाचले, हे खरं आहे. पण पन्नाशीतल्या, साखर असलेल्या चालकाची सक्तीची तपासणीही त्यामुळे ५ वर्षांवर गेली. ५ वर्षांत डोळ्यांचं काय होतं ते मी घरात पाहिलंय.

मोटार वाहन कायद्याचं कलम १६ आहे. चालक आजारामुळे गाडी चालवायला योग्य नाही असं मानायला सबळ कारण असेल, तर लायसन्स देणारा अधिकारी कधीही नवं मेडिकल मागू शकतो, लायसन्स रद्दही करू शकतो. पण अधिकाऱ्याला कळणार कुठून? चालक सांगणार नाही, कारण सांगितलं की चूल विझली. बाबांनी इतकी वर्षं मालकाला सांगितलं नाही. मी त्यांना दोष देत नाही.

अमेरिकेत मोठे ट्रक आणि बस चालवणाऱ्यांचं मेडिकल जास्तीत जास्त २ वर्षांचं असतं, इन्सुलिन घेणाऱ्याचं १ वर्षाचं. ते लायसन्स खात्याकडे वेळेत नोंदलं नाही तर व्यावसायिक लायसन्सच खालच्या दर्जाचं होतं. २३ जून २०२५ पासून तर तपासणाऱ्याने निकाल थेट ऑनलाइन पाठवायचा असा नियम झाला. त्यातली मला सर्वांत पटलेली गोष्ट कडकपणाची नाही. इन्सुलिन घेणाऱ्याला तिथे सरसकट घरी बसवत नाहीत, साखर आटोक्यात असेल तर वर्षावर्षाने तपासून चालवू देतात. आपल्याकडे असं झालं तर माणूस आजार लपवणार नाही. चाळिशीपुढच्या बस, ट्रक, टॅक्सीवाल्यांची दरवर्षी डोळे, साखर आणि ब्लड प्रेशरची तपासणी व्हावी, खर्च मालकाने किंवा सरकारने करावा, आणि निकाल सारथी या सरकारच्या लायसन्स पोर्टलवर डॉक्टरनेच चढवावा. मध्ये एजंट नको. मोटारसायकलवरून भाडं नेणाऱ्या आपल्या पायलट भावांनाही यात घ्या, तेही दिवसभर माणसंच नेतात.

तुमच्या घरात कुणी चालक असेल तर आज त्यांची फाइल उघडा. सर्टिफिकेटची तारीख बघा आणि विचारा की डॉक्टरांनी खरंच तपासलं होतं का.

बाबांनी रात्रीची फेरी सोडलीय, मालकालाही सगळं सांगितलंय. लेझर पूर्ण होईपर्यंत दिवसाची बसही दुसरा चालक नेतो. लायसन्सची मुदत ऑगस्टमध्ये संपते. एजंटाचा फोन येऊन गेला, फोटो तेवढे पाठवा म्हणाला. बाबांनी त्याला सांगितलं, "ना रे. हांव स्वता वतां. दोतोर कितें म्हणटा तें पळोवया."