३८ रुपयांचा शेअर आणि बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख

शनिवारी संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर विनयने विषय काढला. साखळी दुकानांची एक कंपनी, सव्वाशे दुकानं, शेअर दोन वर्षांत २४० वरून ३८ वर आलेला. "आणखी पडून पडून किती पडणार? दुकानं चालू आहेत, रविवारी गर्दी असते, नाव घराघरात आहे. घेऊ का हजारभर शेअर?" एवढाच प्रश्न होता, पण समोर मंदार सीए, नितीन साबण-बिस्किटांचा डिस्ट्रिब्युटर आणि अप्पा बँकेच्या कर्जवसुली खात्यातून निवृत्त झालेले. दीड तास गेला. कंपनीचं नाव इथे देत नाही आणि हिशेबाला सोपे जावेत म्हणून आकडे गोल केलेत. हिशेबाची रीत मात्र अडचणीतल्या कुठल्याही रिटेल कंपनीला लागू पडते.

मंदारने सुरुवातच भावापासून केली. "३८ हा एका शेअरचा भाव झाला, कंपनीचा नाही. शेअर आहेत १० कोटी, म्हणजे बाजारमूल्य ३८० कोटी. वर कर्ज ४०० कोटी. तू ७८० कोटींच्या धंद्यात शिरतोयस आणि त्यातल्या पहिल्या ४०० कोटींवर बँकेचा हात आहे."

"पण २,००० कोटींच्या विक्रीवर एबिटडा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा, १६० कोटी आहे ना. आठ टक्के!" विनय म्हणाला.

"त्यात दुकानांचं भाडं धरलंय का?"

इथे बहुतेक जण फसतात. १ एप्रिल २०१९ पासून इंड-एएस ११६ हे हिशेबाचं मानक लागू झालं आणि दीर्घ मुदतीच्या भाडेकरारांचं भाडं नफातोट्याच्या पत्रकात भाडं म्हणून दिसेनासं झालं. त्याचा एक भाग घसाऱ्यात जातो, दुसरा व्याजात. एबिटडा या दोन्हींच्या आधीचा आकडा, त्यामुळे तो एका रात्रीत फुगला. खरं भाडं शोधायचं तर रोखप्रवाह पत्रकात जायचं, तेही अगदी खालच्या, वित्तीय व्यवहारांच्या भागात. तिथे लीज (भाडेकरार) दायित्वाची परतफेड आणि त्यावरचं व्याज अशा दोन ओळी असतात. मंदारने मोबाइलवर पत्रक उघडलं, दोन्हींची बेरीज केली: १३० कोटी. १६० मधून १३० गेले, उरले ३०. कर्जावर ११ टक्क्यांनी व्याज ४४ कोटी. म्हणजे दुकानाचा एक दिवाही न बदलता वर्षाला १४ कोटींचा खड्डा.

विनय थोडा गप्प झाला, पण मागे हटला नाही. "सणाचा हंगाम चांगला गेला तर भरून निघेल."

"हंगाम चांगला जायला फळीवर माल लागतो," नितीन म्हणाला. त्याने ताळेबंदातली एकच ओळ पकडली, पुरवठादारांची देणी. विकलेल्या मालाची किंमत वर्षाला १,५०० कोटी. गेल्या वर्षी देणी ४१० कोटी होती, म्हणजे साधारण १०० दिवसांची उधारी. यंदा २९० कोटी, म्हणजे ७१ दिवस. विनयला हे चांगलं वाटलं, देणी कमी झाली म्हणून. नितीनने मान हलवली. "धंदा तेजीत असताना देणी कमी होणं वेगळं. इथे रोकड नाही, तरी उधारी घटलीय. याचा अर्थ पुरवठादारांनी हात आखडता घेतला. आधी ९० दिवसांची उधारी ६० वर येते, मग जुनं बिल भरल्याशिवाय नवा माल नाही, मग रोख द्या नि माल न्या. आणि सगळ्यांत आधी थांबतो तो खपाचा माल. मोठ्या ब्रँडला या साखळीची गरज नसते, तो तोच माल बाहेर विकतो. तेल, साबण, चहा नसला की गिऱ्हाईक महिन्याचा बाजार दुसरीकडे करतं, मग कपडे आणि भांडी घ्यायलाही इकडे येत नाही. ज्यावर मार्जिन मिळायचं ते असं आपोआप बसतं."

त्याचा सल्ला मला फार मोलाचा वाटला, म्हणून सविस्तर देतो. दुकान बघायचं तर रविवारी नाही, मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी. आणि एका नाही, तीन-चार दुकानांत. फळीवर हात घालून बघायचं. माल पुढच्या कडेला ओढून एका रांगेत मांडलाय आणि मागे पोकळी आहे का? एकाच ब्रँडच्या लोणच्याच्या बाटल्या आठ-आठ फूट पसरल्यात का? मग बिस्किटाचा पुडा उचलायचा आणि बनवल्याची तारीख बघायची. बिस्किटं भराभर संपतात, म्हणून चालत्या दुकानात पुडा ताजा असतो. चार महिन्यांपूर्वीचा निघाला तर एक तर माल खपत नाहीये, नाहीतर नवा येत नाहीये. कपड्यांत मधले साइज गायब आणि नुसते एस नि डबल एक्सएल लटकलेले असतील तर नवा माल बऱ्याच दिवसांत भरलेला नाही. फ्रीझर बंद करून त्यावर प्लास्टिकचे डबे मांडलेत का तेही बघायचं.

मंदारने त्याला साठ्याचं गणित जोडलं. साठा ५२० कोटी, म्हणजे जवळजवळ १२७ दिवसांचा. यातला पाचवा हिस्सा जुना धरला आणि तो अर्ध्या किमतीत काढावा लागला तर ५२ कोटींचा फटका. कंपनीचं नक्त मूल्य, म्हणजे मालमत्तेतून सगळी देणी वजा करून उरणारी रक्कमच ९० कोटी आहे.

आता अप्पा बोलले. ते मोठ्या आवाजात कधी बोलत नाहीत. "विनय, बुडीत कंपनीत पैसे कुठल्या क्रमाने वाटतात ते माहीत आहे का? दिवाळखोरी कायद्याचं कलम ५३ वाच. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांचे २४ महिन्यांचे पगार आणि तारण घेतलेल्या बँका, एकाच पायरीवर. मग इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे पगार, मग बिनतारण कर्जदाते, मग सरकारी देणी, मग उरलेली इतर देणी, मग प्रेफरन्स शेअरवाले. तू सगळ्यांच्या मागे. कारखाना असला तर जमीन तरी असते. भाड्याच्या दुकानात जागा मालकाची, माल पुरवठादाराचा, पैसा बँकेचा. डीमार्ट बहुतेक दुकानं स्वतःच्या जागेत चालवते, तिची गोष्ट वेगळी."

आणि मग बिग बझार चालवणाऱ्या फ्यूचर रिटेलचा विषय निघणारच होता. २९ ऑगस्ट २०२० ला फ्यूचर समूहाचा रिटेल, घाऊक आणि गोदामांचा व्यवसाय २४,७१३ कोटींना रिलायन्सला विकायचा करार जाहीर झाला. आता बिग बझार वाचलं, असं मानून लोकांनी शेअर घेतले. ॲमेझॉनने २०१९ मध्ये फ्यूचर कूपन्स या समूहातल्याच कंपनीत ४९ टक्के हिस्सा घेतला होता. त्या कराराच्या जोरावर तिने सिंगापूरच्या लवादातून ऑक्टोबर २०२० मध्ये रिलायन्सच्या व्यवहाराला स्थगिती मिळवली. भाडी थकली. जागामालकांनी भाडेकरार रिलायन्सच्या कंपन्यांशी केले आणि फ्यूचर त्यांची पोटभाडेकरू झाली. जानेवारी २०२२ मध्ये बँकांचे ३,४९४ कोटी चुकले, फेब्रुवारीच्या अखेरीस रिलायन्सने दुकानांचा ताबा घ्यायला सुरुवात केली, एप्रिलमध्ये तारणधारक बँकांच्या ६९ टक्क्यांहून जास्त मतांनी रिलायन्सला विक्रीची योजना फेटाळली. २० जुलै २०२२ ला एनसीएलटीच्या (कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या) मुंबई खंडपीठाने दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला आणि २०२४ मध्ये कंपनी अवसायनात, म्हणजे मालमत्ता विकून गुंडाळायच्या प्रक्रियेत गेली.

"ताळेबंदात दुकानं होती," अप्पा म्हणाले, "पण किल्ल्या दुसऱ्याकडे होत्या." २०१७ मध्ये शॉपर्स स्टॉपने हायपरसिटी ही दुकानांची साखळी याच फ्यूचरला ६५५ कोटींना विकली, तेव्हा ५०० कोटींचा मोबदला फ्यूचर रिटेलच्या शेअरमध्ये घेतला होता, भाव ५३७ रुपये. तो शेअर पुढे पाच रुपयांच्याही खाली गेला. धंद्यातल्या जाणत्यांनी लावलेला भाव होता तो.

विनयकडे उत्तर होतं, आणि ते हलकं नव्हतं. "विशाल रिटेल बघा की. २००७ मध्ये २७० ने बाजारात आली, कर्जात बुडाली. पुढे व्ही-टू रिटेल म्हणून तोच शेअर २०२४ मध्ये हजाराच्या वर गेला."

"गेला, खरंय. पण मधे काय झालं तेही सांग," मंदार म्हणाला. २०११ मध्ये विशालचा चालू धंदा टीपीजी ही गुंतवणूक कंपनी आणि श्रीराम समूह यांच्याकडे गेला. भागधारकांच्या हातात सूचीबद्ध कंपनीचं टरफल राहिलं आणि प्रवर्तकांनी त्यात नव्याने दुकानं उघडली. तो जुना धंदा, विशाल मेगा मार्ट, डिसेंबर २०२४ मध्ये ८,००० कोटींचा आयपीओ घेऊन ७८ रुपयांना आला. त्यात जुन्या भागधारकांचा वाटा शून्य. "आणि व्ही-टूची मोठी तेजी आली ती तिमाही निकालांत विक्री वाढताना दिसायला लागल्यावर. निकाल वाचून घेणाऱ्यालाही भरपूर मिळालं. तळ पकडायची गरज नव्हती."

यावर विनयने मान्य केलं की घाई नको. मग बघायचं काय? मंदारने वार्षिक अहवालात ऑडिटरच्या अहवालाचं कारो जोडपत्र उघडायला सांगितलं; त्यात ऑडिटरला ठरावीक मुद्द्यांवर कलमवार मत द्यावं लागतं. कलम दोनमध्ये बँकेला दिलेली तिमाही साठापत्रकं आणि हिशेबाची वही जुळते का ते असतं. रिटेलमध्ये पहिली लबाडी तिथेच होते. कलम सातमध्ये पीएफ, जीएसटी थकलाय का, नऊमध्ये कर्जाचे हप्ते चुकलेत का, एकोणिसात वर्षभरातली देणी भागतील का. अप्पांनी प्रवर्तकांच्या तारण शेअरची भर घातली. तिमाही संपल्यावर २१ दिवसांत भागधारणेचा तक्ता एक्स्चेंजवर येतो. त्यांचे निम्म्याहून जास्त शेअर तारण असतील तर भाव पडल्यावर सावकार ते विकतो, भाव आणखी पडतो, रोज लोअर सर्किट (एका दिवसातल्या घसरणीची मर्यादा) लागतं आणि विकायला उभं राहिलं तरी समोर घेणारा नसतो.

राइट्स इश्यूचा, म्हणजे आहे त्याच भागधारकांना नवे शेअर देऊन पैसे उभे करण्याचा मुद्दा नितीनने काढला. कंपनीने २५ रुपयांनी ८ कोटी शेअर काढून २०० कोटी उभे केले तर ३८ चा भाव हिशेबाने ३२ वर येतो. पुन्हा पैसे घालायची तयारी नसेल तर आज घेतलेल्या हजार शेअरचं वजन तिथेच घटतं. ते २०० कोटी माल भरायला जाणार की बँकेला, हे प्रस्तावपत्रात वाचायचं. बँकेला गेले तर व्याज वाचेल, पण फळी रिकामीच राहील.

शेवटी विनय हजारावरून शंभरावर आला. मंदारला तेही पटलं नाही. सप्टेंबर तिमाहीबरोबर अर्धवार्षिक ताळेबंद आणि रोखप्रवाह १४ नोव्हेंबरपर्यंत येतो. देण्यांची ओळ तिथे पुन्हा दिसेल, तोवर थांब, एवढंच त्याचं म्हणणं. "आणि तेव्हा भाव ४५ झाला तर?" विनयने विचारलं. "तर ४५ ने घे," नितीन म्हणाला, "पण मंगळवारी दुपारी माझ्याबरोबर दुकानात चल. बिस्किटांच्या फळीपासून सुरुवात करू."