स्टोमधला ‘व्ह’

आजीकडे होता तो स्टो. ट्रेकिंगच्या दुकानात काचेमागे असतो तो स्टोव्ह. या ‘व्ह’चे पाच आकडी रुपये पडतात आणि घरी आणून खोका उघडला की कळतं, यंत्र तेच आहे: द्रव इंधन पंपाने दाबून जाळणारं. पितळी टाकीच्या जागी अॅल्युमिनियमची बाटली, ताठ पायांच्या जागी घडीचे पाय, आणि टाकी बर्नरच्या पोटाखाली नसून नळीच्या दुसऱ्या टोकाला. बाकी पंप, त्यातली वायसर नावाची चामडी चकती, इंधन सोडणारं बारीक भोकाचं निपल, ते भोक साफ करणारी पिन, सगळं माहेरचंच. स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने १८९२च्या सुमारास प्रायमस काढला, तेव्हापासून या जातीचा स्वभाव बदललेला नाही: आधी मला तापवा, मग तुमच्या चहाचं बघू.

सह्याद्रीत याची गरज आहे का? नाही. गॅसच्या डब्यातलं ब्युटेन शून्याखाली अर्ध्या अंशापलीकडे गेलं की वायू व्हायचंच नाकारतं, तिथे पंप मारून दाब आणणारा हा स्टोव्ह कामाला येतो. राजगडावर जानेवारीच्या पहाटेही ती वेळ सहसा येत नाही. पण पुण्यातला ट्रेकर वर्षातून एकदा हिमालयात जातो आणि उरलेल्या एकावन्न आठवड्यांत त्याची तालीम करतो. त्यामुळे बर्फ वितळवायला बनवलेल्या यंत्रावर आपण कांदेपोह्यांसाठी पाणी गरम करत असतो.

पहिला पेच इंधनाचा. माहितीपुस्तिका म्हणते, ‘व्हाइट गॅस’ वापरा. हा पदार्थ गॅस नाही आणि पांढराही नाही. भेसळ-मसाला न घातलेला शुद्ध नाफ्था, म्हणजे पेट्रोलच्याच जातीचं इंधन आहे, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात तो मिळत नाही. मग पेट्रोल? पंपावर बाटली पुढे केली की तिथला माणूस आधी बाटलीकडे आणि मग आपल्याकडे संशयाने बघतो, आणि त्याचं बरोबर आहे. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याने सांधे गळू नयेत म्हणून बसवलेल्या रबरी चकत्या, म्हणजे ओ-रिंगा, फुगू शकतात. इंजिनासाठी घातलेली रसायनं नळीत चिकटून बसतात ती वेगळीच. थिनरचा विचार ज्यांच्या मनात येतो त्यांनी तो मनातच ठेवावा, कारण थिनर रबर खातो. राहता राहिलं आपलं रॉकेल. वास येतो, काजळी धरतं, मिळायला मारामार. तरी माझं मत रॉकेललाच. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही ठिणगी पकडू शकते. रॉकेलला त्यासाठी स्वतःच पस्तीस-चाळीस अंशांना तापावं लागतं. म्हणजे सांडलं तर पेट्रोल कांगावा करतं, रॉकेल निदान थोडा वेळ देतं. यातलं काहीही एसटीत किंवा रेल्वेत न्यायचं नाही. लांबच्या प्रवासाला बाटली रिकामी करून, धुऊन, उघडी वाळवून न्यायची आणि इंधन तिकडे घ्यायचं. आणि पाण्याच्या बाटलीत रॉकेल भरणाऱ्या माणसाबरोबर ट्रेकला जाऊच नये; रात्री तहान सगळ्यांनाच लागते.

इंधन बदललं की निपलही बदलायचं. खोक्यात दोन-तीन निपलं येतात, दिसायला सख्खी भावंडं. एका प्रसिद्ध स्वीडिश स्टोव्हचे आकडे सांगायचे तर पेट्रोलला ०.३७ मिलिमीटरचं भोक, रॉकेलला ०.२८चं. पेट्रोलच्या निपलातून रॉकेल सोडलं तर ते गरजेपेक्षा जास्त येतं, हवा पुरत नाही, ज्योत पिवळी होते आणि पातेलं कोळशाच्या वखारीतून आणल्यासारखं दिसतं. उलटं केलं तर चहाला उकळी फुटेस्तोवर सूर्य डोक्यावर येतो.

पहिली चाचणी सोसायटीच्या गच्चीत करावी, गडावर नाही. मात्र एप्रिल-मे टाळावा, कारण तेव्हा गच्चीवर कुरडया असतात आणि कुरडयांवर नजर ठेवणाऱ्या काकू असतात. “हे फुटत नाही ना?” या त्यांच्या प्रश्नाला पुस्तिकेत उत्तर नाही. बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही. तिच्यावर रेघ असते, सहाशे मिलीच्या बाटलीत पाचशेच्या आतच थांबायचं. वर उरलेली हवाच इंधन ढकलते, आणि उन्हात फुगायला इंधनालाही जागा लागते. भरताना नरसाळ्यात जाळी किंवा मलमलचा तुकडा हवा. मग पंप बसवून वीसेक दांडे मारायचे. बाटली अर्धी रिकामी असेल तर दुप्पट, कारण दाबायला हवा जास्त. आता लगेच काडी ओढायची नाही. प्रत्येक सांध्यावर बोट फिरवायचं आणि बोटाचा वास घ्यायचा. ओलसर लागलं तर दाब सोडायचा, ओ-रिंग बघायची.

आता मुख्य सोहळा. आजी तारेच्या चिमट्याचा काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरच्या गळ्यात अडकवायची. इथे बर्नरखाली छोटी वाटी असते, काहींत कापडी गादी. झडप बंद. वाटीत चहाचा एक चमचा स्पिरिट. एकच. हौसेने दोन घातले की दुसरा खाली ओघळतो आणि गवत पेटवतो. करोनाच्या काळातला जेल सॅनिटायझर कपाटात उरला असेल तर तोही चालतो, वाटीत गपगुमान बसतो. काडी लावायची आणि हात मागे घ्यायचा. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, त्यामुळे “पेटलं का?” म्हणून वाकून बघणाऱ्याच्या भुवया जातात.

इथे मिनिट-दीड मिनिट काहीच करायचं नसतं, आणि पुणेकराला हेच जड जातं. कुणीतरी म्हणतंच, “अरे, सोड की आता.” सोडायचं नाही. बर्नरवरून जाणारी पितळी नळी एवढी तापली पाहिजे की आत आलेल्या रॉकेलची वाफ झाली पाहिजे. वाफ निळी जळते, रॉकेल पिवळं. वाटीतली ज्योत बसत चालली, कडेकडेने लपलपायला लागली, की झडप पाव फेरा उघडायची. आधी फुस्स, मग दोन-तीन पिवळ्या उचक्या, मग एकदम घर्र आवाज आणि निळा मुकुट. झडप घाईने उघडली तर द्रवच बाहेर येतो आणि दोन फुटी होळी उभी राहते. तेव्हा फुंकर मारायची नाही, पाणी ओतायचं नाही, झडप बंद करून बाजूला व्हायचं. उशीर केला तर ज्योत विझलेली असते आणि निपलातून पांढरी वाफ निघत राहते. तीही बंद करायची, सगळं पूर्ण थंड होऊ द्यायचं आणि परत स्पिरिटपासून सुरुवात. गरम वाटीत बाटलीतून स्पिरिट ओतण्याचा शॉर्टकट काही लोकांनी शोधला आहे. भाजल्याच्या मलमाचा खप त्यांच्यामुळे टिकून आहे.

पेटला म्हणजे जिंकलं असं नाही. दांडा गुळगुळीत आत जातो आणि दाबच बसत नाही, तेव्हा पंपातला चामडी वायसर वाळलेला असतो. दांडा काढून वायसरच्या कडा बोटांनी बाहेर फाकवायच्या आणि तेलाचा थेंब सोडायचा. खोबरेल नको, ते चोवीस अंशांखाली थिजतं हे पुण्याच्या हिवाळ्यात न्हाणीघरातल्या बाटलीने दाखवलेलं असतंच. शिवणयंत्राचं तेल उत्तम. नवा वायसर रविवार पेठेत बोहरी आळीत बघावा. ‘इंपोर्टेड’ हा शब्द उच्चारू नये, नुसता जुना वायसर काउंटरवर ठेवावा.

ज्योत एका अंगाने जळायला लागली की निपलात कचरा. काही स्टोव्हच्या पोटात सुई असते, वरखाली हलवला की टिकटिक करत भोक साफ करते. म्हणून बंद केल्यावर कानाशी धरून खुळखुळ्यासारखा हलवायची सवय चांगली, फक्त तो थंड झालाय याची खात्री कानाला लावण्याआधी करावी. स्टोची जुनी पिन यात खुपसू नये. जाड असली तर भोक वाढतं आणि वर सांगितलेली वखार कायमची उघडते.

वाऱ्यासाठी पत्र्याचा आडोसा असतो. तो बर्नरभोवती लावायचा, बाटली आडोशाच्या बाहेर. दोन्हींना एकत्र घेऊन ऊब देण्याइतकं प्रेम या बाटलीवर करू नये. तंबूत तर पेटवायचाच नाही. भडका एकवेळ दिसतो, कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि वासही देत नाही. डिसेंबरनंतर गवत वाळलेलं असतं, तेव्हा उघड्या कातळाशिवाय दुसरी जागा नाही. आणि पातेल्याच्या बुडाला बाहेरून ओली माती फासून ठेवावी. चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बायकांना हे ठाऊक असतं, पुस्तिका लिहिणाऱ्यांना नसावं.

स्वयंपाकाबद्दल थोडक्यात: या स्टोव्हला मंद आच म्हणजे काय ते माहीत नाही. त्याच्याकडे दोनच अवस्था, विझलेला आणि पिसाळलेला. झडप फिरवली तरी फरक चार-पाच सेकंदांनी पडतो, तोवर पिठलं तळाला लागलेलं असतं. मंद हवीच असेल तर मुळात दांडे कमी मारावेत. त्याहून सोपं, मूगडाळीची खिचडी खळखळून उकळवावी, झाकण घालून स्वेटरमध्ये गुंडाळावी आणि वीस मिनिटं विसरावी. कळसूबाईवर, १६४६ मीटरवर, पाणी पंचाण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे तुरीच्या डाळीचा हट्ट धरणाऱ्याला सकाळपर्यंत पंप मारावा लागेल. तिघांच्या एका मुक्कामाला तीनशे मिली रॉकेल पुरे.

आवाजाबद्दल एवढंच की बाकीचे ट्रेकर झोपलेले असताना पहाटे पाचला चहा टाकला तर तो सगळ्यांसाठी टाकावा लागतो.

बंद करण्याची रीत वेगळी. काही स्टोव्हची बाटली उलटी करायची. मग नळीत हवा शिरते, उरलेलं रॉकेल जळून जातं, आवाज फडफडत विझतो. नंतर झडप बंद. पंधरा मिनिटं थंड. मग बाटलीच्या तोंडावरचा पंप अर्धा फेरा सैल, दाब सावकाश सुटू द्यायचा. पंप पिशवीत, बाटली सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात उभी, भाकऱ्यांपासून जितकी लांब जाईल तितकी. आडोशाची घडी, पाय दुमडून डब्यात, डब्याला रबर. हात मातीने चोळून धुवायचे, तरी वास राहतोच.

बरोबर याच वेळी पलीकडच्या स्लीपिंग बॅगेतून आवाज येतो, “मला बिनसाखरेचा चालेल.”