तुमना जवाई रस्तावर बठेल शे

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायकोला माहेरी पोचवायचं, हा आमच्या खानदेशातला कायदा. 'जळगावहून चोपड्याला एसटी जाते, आणि बायकांना अर्धं तिकीट आहे.' हे वाक्य माझं नाही, बायकोचं आहे. त्या दिवशी तिने ते चार वेळा म्हटलं. पहिल्यांदा घरातून निघताना, दुसऱ्यांदा विदगावचा तापीचा पूल ओलांडताना, आणि उरलेल्या दोन वेळा धानोऱ्याच्या पुढे, उभ्या गाडीशेजारी.

आमची व्हॅन 1994 ची. मारुतीची, कार्बोरेटरवाली. हिला बोनेट म्हणावं असं काही नाही. इंजिन पुढच्या सीटखाली. म्हणजे दुखणं बघायचं तर आधी बायकोला उठवायचं, मग तिची पर्स, मग तिच्या आईसाठी घेतलेली पिशवी, मग सीट. अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे, लोक लांबून तिथे अंघोळीला येतात. वैशाखात आमच्या पुढच्या सीटवर तासभर बसलेल्या माणसाला तिथे जायची गरज उरत नाही.

तीन महिने रोग एकच. सकाळी टकाटक सुरू. वीस-पंचवीस किलोमीटर लोण्यासारखी. मग दोन गचके, मग तिसरा, मग शांतता. पंधरा-वीस मिनिटं सावलीत थांबलं की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. पहिल्या मिस्त्रीने कार्बोरेटर उतरवला, जेटला, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकाला, हवा मारली, फ्लोटची सुई बदलली, साडेसहाशे घेतले. दुसरा म्हणाला, पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं, जुन्या गाडीचं रबर ते खातं, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या तुमच्या पंपाचा पडदा गेला. तेराशे. रबर खातं हे खोटं नाही, पण जुना पडदा मी घरी आणून बघितला, तो माझ्यापेक्षा धडधाकट होता. तिसऱ्याने गाडीला हातच लावला नाही. 'साहेब, पेट्रोल नळीतच उकळतंय. पंपावर ओलं फडकं बांधा.' आमच्याकडे पारा 44 वर गेलेला, तेव्हा पटलं. तेव्हापासून बायकोची जुनी ओढणी पंपावर. जानेवारीच्या थंडीतही गाडी एकदा अशीच बंद पडली होती, हे मी त्याला सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं ते, डॉक्टर गुगल वाचून आलेल्या पेशंटकडे बघतात तसं.

तर त्या दिवशी धानोऱ्याच्या पुढे ओढणी भिजवत होतो. बाटलीतलं पिण्याचं पाणी ओढणीला जातंय यावर बायकोचं म्हणणं ऐकत होतो. एवढ्यात मागून अहिराणीत आवाज आला.

"काय व्हयनं?"

रस्त्याकडेच्या निंबाखाली बाजेवर एक बाबा बसले होते. डोक्यावर टोपी, पायात गाळाने पांढऱ्या पडलेल्या चपला, मागे त्यांची केळी. थ्री फेज लाइट यायची होती. शेतकऱ्याची लाइट यायची असते तेव्हा त्याच्याकडे जगातला सगळा वेळ असतो, आणि त्या वेळात जी गोष्ट समोर येईल ती त्याची होते. त्या दिवशी मी समोर आलो.

"कार्बोरेटरचा प्रॉब्लेम आहे," मी म्हणालो. हे अशा सुरात, की इथे संभाषण संपावं.

"कोना जवाई?"

गाडीचं निदान जावयापासून सुरू होतं हे मला माहीत नव्हतं. बायकोने वडिलांचं नाव सांगितलं. बाबा उठले, आले, सीटखाली वाकून बघितलं. मग मला विचारलं, "हाई काय करस?" मी समजावलं. शिकलेल्या माणसाला समजावताना जो एक गोड आवाज येतो तो मला आला. म्हटलं, बाबा, हवा आत येते, वाटेत एक अरुंद गळा आहे, तिथे हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो, त्या ओढीने बारीक भोकातून पेट्रोल वर खेचलं जातं...

"म्हंजे व्हेंचुरी," बाबा म्हणाले.

मी गप्प.

"आमनी बी शे." त्यांनी मागे हात केला. ठिबकच्या पाइपला, फिल्टरशेजारी, त्यांची व्हेंचुरी लटकत होती, खाली युरियाच्या पाण्याची बादली. पाणी गळ्यातून पळतं, बादलीतलं खत ओढलं जातं, केळीला जातं. मी बारा वर्षं कार्बोरेटर चालवला, आणि त्यातल्या गळ्याचं नाव बाबांकडून कळायचं राहिलं होतं.

मग त्यांनी माझ्या गाडीची ठिबकच्या हिशोबाने तपासणी सुरू केली. फिल्टर धुतला का? धुतला. ड्रिपर चोक आहे का? म्हणजे जेट. नाही, हवा मारली. अॅसिड सोडलं का? बाबा, गाडीत अॅसिड सोडत नाहीत. "सोडतस," ते ठामपणे म्हणाले, आणि यावर मी वाद घातला नाही. मग त्यांनी पेट्रोलची रबरी नळी दोन बोटांत धरली आणि माझा हात ओढून तिच्यावर ठेवला. नळी चपटी होती. शेवग्याची वाळलेली शेंग असते तशी, दोन्ही गाल आत गेलेले.

"मोटर बंद व्हयनी की पाइप हवा मांगस. हवा नही भेटनी तं नळी अशी व्हस. म्हणून आम्ही वरे एर व्हॉल्व्ह बसाडतस." मग टाकीकडे बोट. "तुमना व्हॉल्व्ह कथा शे?"

इथे मी म्हणालो की गाडीला तसा व्हॉल्व्ह नसतो. आत्मविश्वासाने म्हणालो. आणि ज्या बाईला मी उन्हातान्हात माहेरी पोचवत होतो ती बाजेवरून, बाबांच्या घरच्यांनी दिलेल्या थंड पाण्याचा तांब्या हातात धरून म्हणाली, "झाकणाले यास्नी पन्नी लावेल शे ना."

लावलेली होती. गाडीत पेट्रोलचा वास येतो, मळमळतं, असं कोण म्हणत होतं डिसेंबरात? मी टाकीच्या झाकणाखाली जाड प्लॅस्टिकची गोल चकती कापून बसवली होती, वर रबरी वॉशर, घट्ट. वास गेला. तेव्हा कौतुक 'आम्ही' केलं होतं, आणि आता पन्नी 'यास्नी' लावली.

बाबांनी झाकण फिरवलं. टाकीने इतका लांब 'सुस्स' करून श्वास घेतला की बाजेखालचं कुत्रं उठून बसलं. चकती काढली, चावी मारली. पहिल्या हाताला सुरू.

झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल जेवढं कमी होईल तेवढी हवा त्यातून आत यायची. मी ते भोक बुजवलं होतं. पंप वीस-पंचवीस किलोमीटर ओढायचा, मग टाकीत नुसती ओढच उरायची. थांबलं की कुठून तरी हळूहळू हवा शिरायची, की पुन्हा सुरू. आता हे इतकं सोपं असेल तर तीन मिस्त्र्यांना का नाही सापडलं? कारण मी सभ्य माणूस. गॅरेजला जायच्या आधी दर वेळी पेट्रोल भरून जायचो. म्हणजे झाकण उघडायचं, म्हणजे गाडी ठणठणीत. मिस्त्री गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारून येणार आणि म्हणणार, बघा, झाली. पंचवीस किलोमीटर चालवून बघणारा मिस्त्री मला अजून भेटलेला नाही. भेटला तर पेट्रोलचे पैसेही तोच मागेल.

बाबांना पैसे काढून देत होतो. त्यांनी हात झटकला आणि सरळ फोन लावला. कोणाला? माझ्या सासऱ्यांना. बायकोने नाव सांगितलं होतं, नंबर त्यांच्याकडे आधीपासून होता. केळीच्या भावावरून दोघं अधूनमधून बोलत असतात म्हणे.

"तुमना जवाई रस्तावर बठेल शे," ते मोठ्याने म्हणाले. गाडी माझ्या शेजारी सुरू होती. मी उभा होतो. बसलेला नव्हतो. "टाकीना तोंडले पन्नी बांधेल व्हती. मी सोडी." पलीकडून हसण्याचा आवाज मला चार हातांवरून आला. बाबा अजून सांगणार होते, पण तेवढ्यात लाइट आली, बोअरची मोटर घुमली, आणि ते फोन तसाच कानाला लावून केळीत शिरले. आभार मानायचे राहिले. खरं सांगायचं तर फार राहिले असं वाटतही नाही.

चोपड्याला पोचलो तेव्हा सासऱ्यांनी काही विचारलं नाही. तेच जास्त लागलं. खापरावरची पुरणपोळी वाढली, आमरसाची वाटी आली, वर ताटली झाकलेली. मेहुणी म्हणाली, "दाजी, झाकण काढूनच प्या बरं का." घरातली चौदा माणसं हसली. एक पाचवीतला मुलगा सगळ्यात शेवटी हसला, म्हणजे त्याला कोणीतरी मुद्दाम समजावून सांगितलं होतं.

परत आल्यावर पहिल्या मिस्त्रीकडे गेलो. साडेसहाशे आणि तेराशे, एकोणीसशे पन्नास रुपये, एका पन्नीपायी. त्यातले तुझे साडेसहाशे, म्हटलं, निदान चहा तरी पाज. तो म्हणाला, "पन्नी लावली हे तुम्ही सांगायचं ना तेव्हा." यावर उत्तर मला अजून सुचलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर मला सांगू नका.

गाडी आता उत्तम आहे. वास येतो.

बायको आठ दिवसांनी आली. एसटीने, अर्ध्या तिकिटात.