निवाऱ्याची वर्गणी

११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला, त्या दिवशी इकडे इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये माझ्या फोनवर बडोद्याहून निरोपांची रीघ लागली. दांडिया बाजारात राहणारी माझी आतेबहीण म्हणत होती की, ज्या कुत्र्यांना आम्ही दहा वर्षे पोळी घालतो त्यांना कोंडवाड्यात टाकून मारू नका. तिच्याच शेजारचे काका विचारत होते की, नातवाला चावा बसला तेव्हा इंजेक्शनांसाठी धावपळ कोणी केली? २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला. पिसाळलेली आणि अंगावर येणारी कुत्री वगळता बाकीच्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना मूळ जागी परत सोडावे, असे ठरले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बस आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री मात्र हलवून निवाऱ्यातच ठेवण्यास न्यायालयाने सांगितले. घरच्या ग्रुपवरचा वाद अजून चालू आहे. त्यात दोन्ही बाजूंनी निवारा गृहीत धरलेला असतो. तो कोणाच्या पैशावर आणि कोणाच्या हातांनी चालतो, हे कोणीच विचारत नाही.

मागच्या जानेवारीत मी बडोद्याला गेलो होतो, तेव्हा उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी शहराबाहेरच्या एका लहान धर्मादाय निवाऱ्यात गेलो. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांची रांग व्हरांड्यात लागली होती आणि प्रत्येक खोक्यात मांजाने कापलेला एखादा पक्षी होता. एका घारीचा पंख हाडापर्यंत चिरला होता. कॉलेजातली एक मुलगी तिचे डोके रुमालाने झाकून धरत होती आणि डॉक्टर टाके घालत होते. जखमी पक्ष्यांना वाचवण्याचे गुजरात सरकारचे करुणा अभियान त्याच दिवसांत चालते, त्यामुळे माणसांची वाण नव्हती; चहाचे पेले धुवायलासुद्धा तिघे होते. मागच्या बाजूला तीस-चाळीस कुत्री होती. काहींना खरूज होती, काही गाडीखाली सापडलेली, एक तीन पायांवर उभे राहायला शिकत होते. तिथे एकच माणूस मोठ्या पातेल्यात दूधभात कालवत होता.

विश्वस्त काकांनी मला देणग्यांची वही दाखवली. जानेवारीची पाने भरलेली, जैनांच्या पर्युषणाची भरलेली, अधूनमधून कोणाच्या आईवडिलांच्या पुण्यतिथीची नोंद; मे आणि जून जवळजवळ कोरे. त्याच वहीच्या मागच्या पानांवर औषधांच्या दुकानाची उधारी होती, आणि ती नेमकी मे-जूनमध्ये वाढलेली होती. पांजरापोळींना कायमी तिथी, म्हणजे दरवर्षी घरच्या एका ठरलेल्या दिवशीचा खर्च, लिहून देण्याची गुजरातमधली परंपरा मोठी आहे आणि आपण बडोद्याचे मराठी लोकही तिच्यात वाढलो आहोत. पण तिथी आपल्या घरच्या दिवसाची असते, आणि खरजेचे औषध रोज लागते.

लेस्टरमध्ये गेली सहा वर्षे दर शनिवारी सकाळी मी एका निवाऱ्यात कुत्री फिरवायला जातो. तिथल्या वहीत कोरा महिना नसतो, याचे कारण इंग्रज माणूस आपल्यापेक्षा दयाळू आहे हे नव्हे. १८६० साली मेरी टील्बी यांनी लंडनमध्ये हरवलेल्या कुत्र्यांसाठी घर काढले, तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांनीही त्यांची टवाळीच केली होती. तेच पुढे बॅटरसीचे प्रसिद्ध निवासस्थान झाले. फरक पडला तो सवयीने. माझ्या शेजारच्या निवृत्त बाईंच्या बँक खात्यातून दर महिन्याला पाच पौंड आपोआप जातात. करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून आणखी पंचवीस पेन्स मिळतात. अनेक लोक मृत्युपत्रात प्राण्यांच्या संस्थेसाठी वाटा ठेवतात, जुने टॉवेल आणून देतात, आणि माझ्यासारखे लोक दोन तास देतात.

तरीही, इथली पद्धत उचलून बडोद्यात नेऊन ठेवावी असे मला वाटत नाही. इथे रस्त्यावर कुत्रे राहत नाही. सापडलेले कुत्रे नगरपालिका सात दिवस सांभाळते, मालक आला नाही तर दुसरे घर शोधले जाते, आणि ज्याला घर मिळत नाही त्याला कायमचे झोपवण्याचीही मुभा कायद्यात आहे. हा निर्णय झालेल्या एका कुत्र्याला मी शेवटचे फिरवून आणले आहे. ती सकाळ मला विसरता येत नाही. शिवाय रेबीज या देशातून १९२२ सालीच गेला. बडोद्यातल्या काकांना जी धास्ती आहे ती इथल्या माणसाला माहीतच नाही, आणि ती धास्ती खोटी नाही: लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ कोणालाच सोडत नाही.

परदेशातल्या आपल्या माणसांचा पहिला विचार पैसे पाठवण्याचा असतो. माझाही होता. पण मी ब्रिटिश नागरिकत्व घेतल्यापासून माझी देणगी भारतीय कायद्याने परकीय ठरते, आणि ती स्वीकारण्यासाठी लागणारी नोंदणी लहान निवाऱ्याकडे नसते. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे ते आपल्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतात, त्यांनी जरूर द्यावे. मात्र नव्या आयकर पद्धतीत अशा देणगीवर करसवलत मिळत नाही, म्हणून करबचतीसाठी मार्चमध्ये देणारा नोकरदार गावातही कमी होणार, हे धरूनच चालले पाहिजे.

मग आधार राहतो तो शेरीचा, म्हणजे आपल्या गल्लीचा. बडोद्याच्या मराठी वस्तीला घरोघर वर्गणी गोळा करणे शिकवावे लागत नाही. गणपतीची पावतीपुस्तके घेऊन फिरण्यात आमचे बालपण गेले, आणि विसर्जनानंतर फळ्यावर हिशेब लागत असे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे कुत्रे जिथून उचलले तिथेच परत सोडायचे असते, म्हणजे ते शेवटी शेरीचेच असते. त्याची शस्त्रक्रिया, नंतरचे चार-पाच दिवस, लस आणि दरवर्षीचा तिचा पुढचा डोस हा खर्च शेरीने महिन्याच्या वर्गणीतून निवाऱ्याला द्यावा आणि शेरीतल्या दोन माणसांनी महिन्यातून एकदा तिथे जाऊन काम करावे, एवढेच माझे म्हणणे आहे. पोळी घालणाऱ्यांनी लसीची जबाबदारी घेतली तर काकांच्या प्रश्नाला उत्तर मिळते, आणि काकांनी वर्गणी दिली तर निवाऱ्यात काय होते हे विचारण्याचा त्यांना हक्क मिळतो.

आतेबहिणीने या महिन्यात वर्गणीचे पावतीपुस्तक छापून घेतले. नऊ घरांनी सही केली आहे, त्यांत काकांचे घरही आहे. त्यांनी एक अट घातली: शेरीतल्या प्रत्येक कुत्र्याच्या लसीची तारीख गणपतीच्या फळ्यावर लिहायची आणि पुढच्या डोसची तारीख तिच्याशेजारी. पहिल्या महिन्याची वर्गणी औषधांच्या दुकानाच्या उधारीत गेली, आणि दुसऱ्या महिन्याच्या वर्गणीतून शेरीतल्या तपकिरी कुत्रीची नसबंदी ठरली आहे.