‘फुकट वाटाल तर बुडाल’ म्हणे!

ऑनलाइन धंदा करू पाहणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: मजकूर फुकट दिला की लोकांना फुकटची चटक लागते, मग कोणी पैसे मोजत नाही. जाहिरातींशिवाय कमाईचा मार्ग उरत नाही. आणि जिथे सगळं फुकट, तिथे आपला डेटा विकला जातो. म्हणून पहिल्या दिवसापासून पैसे लावा.

आधी चटकेचं बघू. अलख पांडे कित्येक वर्षं यूट्यूबवर भौतिकशास्त्र फुकट शिकवत होते. 2020 मध्ये त्यांच्या ‘फिजिक्सवाला’ कंपनीचं अ‍ॅप आलं, फी भरायच्या बॅचेस सुरू झाल्या आणि 2022 मध्ये गुंतवणूकदारांनी कंपनीचं मोल शंभर कोटी डॉलरच्या वर धरलं. फुकटचे व्हिडिओ काही बंद झाले नाहीत. मुलं फी भरतात ती ठरलेल्या वेळापत्रकासाठी, टेस्ट सिरीजसाठी, अडलेली शंका सोडवून घेण्यासाठी. सरांचं शिकवणं आधीच पटलेलं असतं. अनोळखी मास्तरांच्या क्लासला पहिल्याच दिवशी फी कोण भरणार होतं?

जाहिरातींशिवाय मार्ग नाही, हे तर साफ चूक. शेअर खरेदी-विक्रीची सोय देणाऱ्या झिरोधा कंपनीची ‘व्हर्सिटी’ ही वेबसाइट उघडून बघा. शेअर बाजाराचे व्यवस्थित धडे आहेत. फी नाही, जाहिरात नाही. वाचणाऱ्यांपैकी काहीजण पुढे खातं उघडतात, आणि इंट्राडे (त्याच दिवशी खरेदी-विक्री) किंवा एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्सचे जोखमीचे सौदे) यांच्या ऑर्डरमागे कंपनीला ब्रोकरेज, म्हणजे दलाली, मिळतं. (आता यातली कडू बाजू: शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्याच अभ्यासानुसार एफ अँड ओमध्ये दहातले नऊ किरकोळ ट्रेडर तोट्यात जातात. शाळा फुकट असली तरी पुढचं बिल कुठे फाटतं, ते विद्यार्थ्याने बघावंच.) आपल्याकडे ‘मधुराज रेसिपी’ या यूट्यूब चॅनेलच्या पाककृती फुकट आहेत, मसाले विकत.

नुसत्या जाहिरातींवर विसंबणाऱ्याला मात्र मेसेजमधली भीती लागू पडते. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला आधी 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तासांचा वॉच टाइम लागतो (किंवा शॉर्ट्सचे प्रचंड व्ह्यूज). त्यानंतर लांब व्हिडिओंच्या जाहिरातींतले 55 टक्के हाती येतात. छोट्या मराठी चॅनेलचं घर त्यावर चालत नाही.

डेटाचा आरोप फेसबुकसारख्यांच्या बाबतीत पूर्ण खोटा नाही, पण तिथे विकली जाते ती तुमच्या डेटावरून तुमच्यापर्यंत नेमकी पोहोचणारी जाहिरात. विकिपीडिया तेही करत नाही, ती मुख्यतः देणग्यांवर चालते. शिवाय गूगल ‘विकिमीडिया एंटरप्राइझ’ला, म्हणजे विकिपीडियाच्या संस्थेच्या कंपन्यांसाठीच्या सशुल्क सेवेला, पैसे देतं. तेच लेख कोणालाही फुकट मिळतात. गूगल मोजतं ते ताजा मजकूर खात्रीने आणि झटपट मिळण्यासाठी.

बातम्यांचं गणित अवघड आहे. ‘गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राने वेबसाइटला कुलूप न लावता वाचकांकडे स्वेच्छेने पैसे मागितले आणि 2018-19 मध्ये ते तोट्यातून थोड्या नफ्यात आलं. पण त्याच्यामागे मालक असलेल्या स्कॉट ट्रस्टचा भलामोठा निधी उभा होता, हे उदाहरण देणारे सहसा सांगत नाहीत. तालुक्याच्या गावातून बातम्या देणाऱ्या पोर्टलकडे ना निधी, ना विकायला मसाले. त्याने वर्गणी लावली तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही.